रोग निम्मा-निम्मा, ओझं कुणाचं?

(गटाच्या स्त्री-आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण पाळीबद्दल, अंगावरून पांढरं जाण्याबद्दल, गर्भाशय काढून टाकण्याच्या ऑपरेशनांबद्दल बोललो. आता मला ज्या आजाराविषयी सांगायचंय, त्याचं नाव तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी ऐकलं नसेल. डॉक्टर त्याला पॉलिसिस्टिक किडनी डिसीज म्हणतात. थोडक्यात पीकेडी. आपल्या बोलीत त्याला नावच नाही. त्यामुळे कितीतरी घरांत तो 'आमच्या घराण्यात बीपी आहे' किंवा 'आमच्याकडचे पुरुष साठी बघत नाहीत' एवढ्या वाक्यावर मिटतो. माझ्या माहेरी असंच होतं. माझ्या वडिलांना हा आजार होता, काकांना होता, भावाला आहे आणि मला आहे.

आधी एक घोटाळा दूर करते. मी 'पॉलिसिस्टिक' म्हटलं की बायका लगेच म्हणतात, "हो, माझ्या भाचीलाही आहे, पाळी वेळेवर येत नाही तिची." तो पीसीओडी. तो बीजांडांचा आणि हार्मोन्सचा प्रश्न आहे. मी बोलतेय तो किडनीचा आजार आहे. दोन्हींच्या नावात एक शब्द सारखा आहे, इतकाच संबंध.

या आजारात दोन्ही किडन्यांमध्ये पाण्याने भरलेल्या पिशव्या तयार होतात. आधी वाटाण्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या, काही त्याहून मोठ्या. निरोगी किडनी साधारण दहा-अकरा सेंटिमीटर लांब असते. आमची वीस सेंटिमीटरच्या पुढेही जाते. लोक म्हणतात 'किडन्या सुकल्या'. आमच्या सुकत नाहीत, फुगतात. या पिशव्या चांगल्या भागाला दाबत जातात, पण उरलेला भाग जास्त काम करून वर्षानुवर्षं सांभाळून नेतो. म्हणून वीस-तीस वर्षं रक्ताची तपासणी अगदी चांगली येते, आणि माणसाला वाटतं आपल्याला काही नाही. पहिली खूण बहुधा बीपीची. तिशीच्या आतच बीपी वाढलेलं सापडतं. मग कुशीत दुखणं, लघवीतून रक्त जाणं, लघवीला पुन्हापुन्हा जंतुसंसर्ग होणं. या आजाराच्या साधारण निम्म्या लोकांच्या किडन्या साठीपर्यंत निकामी होतात. बाकीच्यांच्या उशिरा होतात, काहींच्या होतच नाहीत. हा आजार दुर्मीळ आहे असंही नाही. साधारण हजार माणसांमागे एकाला तो असतो असं धरतात.

आता तो येतो कसा ते बघू, कारण आपला खरा विषय तिथेच सुरू होतो. आपल्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. या आजारात त्यातली एक प्रत बिघडलेली असली तरी पुरते. बहुतेक घरांत हा बिघाड दोन जनुकांपैकी एकात असतो. एक सोळाव्या गुणसूत्रावर आहे, ते १९९४ साली सापडलं. दुसरं चौथ्या गुणसूत्रावर, ते १९९६ साली. ज्याला आजार आहे त्याच्या प्रत्येक मुलाला बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यता निम्मी. छापा की काटा. आणि प्रत्येक बाळंतपणाच्या वेळी नाणं नव्याने उडतं. पहिल्याला आला म्हणून दुसरा सुटला, असा हिशेब इथे नसतो. तीनही मुलांना येऊ शकतो, एकालाही येणार नाही असंही होऊ शकतं. ज्या मुलाला बिघडलेली प्रत मिळाली नाही, त्याच्याकडून तो पुढे जात नाही. एक पिढी सोडून येणं वगैरे या आजारात नसतं.

मुलगा असो की मुलगी, शक्यता तेवढीच. वडिलांकडून येवो की आईकडून, तेवढीच. एवढं एक वाक्य आज घरी घेऊन गेलात तरी माझं काम झालं. कारण बाईला आजार निघाला की 'हिच्या माहेरचा रोग आमच्या घरात आला' असं म्हणतात, आणि पुरुषाला निघाला की 'त्याचं नशीब' म्हणतात. माझ्या आईचंच बघा. तिच्या माहेरी कुणालाही किडनीचा आजार नव्हता. वडील १९८९ साली गेले, तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते. जिल्ह्याच्या गावी आमच्या आवाक्यात तेव्हा डायलिसिस नव्हतं. दहाव्या दिवशी आत्या आईला म्हणाली, "तुझ्या हातचं तिखट-मीठ भोवलं अण्णांना." आईने ते अठरा वर्षं मनात धरून ठेवलं. दादाचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी कागदावर आमची वंशावळ काढली. आजोबांपासून रेघ ओढली. आईने तो कागद मागून घेतला. तो अजून तिच्या ट्रंकेत आहे.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत आहे, त्यामुळे हा आजार होतो का, असंही विचारतात. मी सांगते आहे तो आजार नात्यातल्या लग्नामुळे होत नाही. मात्र याच नावाचा लहान मुलांचा एक वेगळा आणि फार क्वचित दिसणारा आजार आहे. त्यात आईवडील दोघंही निरोगी वाहक असतात, आणि प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तिथे नात्यातल्या लग्नाने धोका वाढतो. आणि आमच्या आजारातही, घरात आधी कुणालाच नसताना एखाद्याला नव्याने झाला, असं दहात एखाद्या वेळी घडतं. तिथे तर दोष द्यायला कुणाचंच माहेर नसतं.

माझं निदान कसं झालं ते सांगते, कारण त्यात आपल्या कामाचं बरंच काही आहे. २००७ साली दादाच्या किडन्या बंद पडल्या. तो चाळीस वर्षांचा होता. किडनी द्यायची कुणी, यावर घरात चर्चा झालीच नाही. 'ताई देईल' हे गृहीत होतं. मलाही ते गृहीत होतं. मी पस्तीस वर्षांची, एका मुलीची आई, धडधाकट. दाता म्हणून माझी सोनोग्राफी केली आणि त्या टेबलावरच कळलं की माझ्या दोन्ही किडन्यांत पिशव्या आहेत. मी द्यायला गेले होते, घ्यायच्या रांगेत उभी राहून परत आले. त्या दिवशी घरी सगळे रडले. पण कशासाठी रडले? आता दादाचं कसं होणार, म्हणून. मला हे सांगताना कुणाबद्दल राग नाही. त्या रात्री मी स्वतःही दादासाठीच रडत होते. बाईला स्वतःच्या दुखण्याला रडायलाही रांगेत थांबावं लागतं.

शेवटी वहिनीने किडनी दिली. ती तेव्हा छत्तीस वर्षांची होती, दोन मुलं लहान. आज दोघंही ठीक आहेत. वहिनीने मनापासून दिली हे मी तिच्या तोंडून ऐकलंय. पण त्या वेळी तिला कुणी एकटीला खोलीत बसवून विचारलं नव्हतं की, बाई, तुला नको असेल तर नको म्हण, आम्ही घरी सांगू की तुझी किडनी जुळत नाही.

आता आकडे बघा. आपल्या देशात १९९५ ते २०२१ या काळात ३६,६४० अवयव प्रत्यारोपणं झाली. त्यातली २९,६९५ पुरुषांना झाली आणि ६,९४५ बायकांना. म्हणजे पाचात चार पुरुष. आणि जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका जास्त, त्याही मुख्यत्वे बायको आणि आई. पीकेडी बायकांना आणि पुरुषांना सारखाच होतो. मग घेणाऱ्या बायका कुठे गेल्या? याचं उत्तर किडनीत शोधून सापडायचं नाही.

या आजारात आणखी एक धोका आहे. भाऊ आजारी पडला की बहिणीकडे बघायचं, हे आपल्या हाडीमाशी आहे. पण बहिणीलाही तोच आजार असण्याची शक्यता निम्मी असते. तिशीच्या आतल्या मुलीची सोनोग्राफी चांगली आली तरी आजार नाहीच असं खात्रीने म्हणता येत नाही. पिशव्या अजून दिसण्याएवढ्या झालेल्या नसतात. अशा मुलीची एमआरआय किंवा जनुकाची तपासणी झाल्याशिवाय तिची किडनी काढू नये. हे डॉक्टरला ठाऊक असतं, पण घाईत असलेल्या घराला नसतं. १९९४ च्या कायद्याखाली जे नियम २०१४ साली झाले, त्यात दाता स्त्री असेल तर विशेष काळजी घ्यावी आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पक्की करून घ्यावी, असं लिहिलेलं आहे. हा नियम पाठ करा. कुणी मैत्रीण दाता म्हणून जात असेल तर तिच्याबरोबर जा आणि हा नियम मोठ्याने वाचून दाखवा.

आता मुलाबाळांकडे येते.

माझ्या निदानाआधी मला मुलगी झाली होती, १९९९ साली. त्या बाळंतपणात शेवटच्या दोन महिन्यांत बीपी वाढलं, पायांना सूज आली. 'पहिलटकरणीला होतं असं' म्हणून सोडून दिलं गेलं. पुढे एका दवाखान्यात मला पाळणा लांबवायला गोळ्या दिल्या. माला-डी. बीपीचा पट्टा एकदाही दंडाला बांधला नाही. या गोळ्यांमध्ये इस्ट्रोजेन हे हार्मोन असतं. ज्या बाईचं बीपी जास्त आहे तिला त्या सहसा देऊ नयेत. शिवाय पीकेडीमध्ये अनेकांच्या यकृतातही पिशव्या होतात. बायकांमध्ये त्या पुरुषांपेक्षा जास्त आणि मोठ्या होतात, आणि इस्ट्रोजेनने त्या वाढतात. यकृतात मोठ्या पिशव्या असतील तर या गोळ्या टाळायच्या. तांबी चालते. निरोध चालतो. पुरुषाची नसबंदी तर कुठल्याही किडनीला त्रास देत नाही.

माझ्या निदानानंतर दुसऱ्या मुलाचा प्रश्न घरात रोजचाच झाला. सासूबाईंचं म्हणणं साधं होतं: "एक मुलगी आहे, एक मुलगा होऊ दे, मग बंद करा." त्या वाईट नव्हत्या, पण त्यांना निम्म्या शक्यतेचा हिशेब कळला तो असा, की मुलीला आला असेल तर मुलाला येणार नाही. मी त्यांच्यासमोर एक रुपयाचं नाणं दहा वेळा उडवून दाखवलं. पहिल्यांदाच लागोपाठ चार वेळा छापा पडला. त्या गप्प झाल्या. पटलं म्हणून की माझा तमाशा बघून, ते त्यांनाच माहीत.

२००८ साली मला दिवस गेले, इच्छा नसताना. मी तेव्हा बीपीची जी गोळी घेत होते, ती गरोदरपणात बाळाच्या किडन्यांना आणि वाढीला घातक ठरू शकते. हे नीट ऐका. नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' येतं अशा बीपीच्या गोळ्या पीकेडीत सर्रास दिल्या जातात, आणि त्या चांगल्याच आहेत. पण मूल हवं असेल तर आधी डॉक्टरला सांगून त्या बदलून घ्यायच्या. चुकून दिवस गेले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. पाळी चुकलीय हे कळल्यावर घाबरून सगळी औषधं आपल्या मनाने बंद करायची नाहीत, कारण वाढलेलं बीपीही आईला आणि बाळाला धोक्याचंच. टॉलव्हॅप्टन नावाचं, पिशव्यांची वाढ मंदावणारं औषध २०१४ पासून काही देशांत या आजारासाठी मान्य झालं आहे. तेही गरोदरपणात घ्यायचं नसतं.

मी गर्भपात करायचं ठरवलं. दवाखान्यात म्हणाले, नवऱ्याची सही आणा. १९७१ च्या कायद्यात सज्ञान बाईच्या संमतीशिवाय दुसऱ्या कुणाचीही सही लागत नाही. तेव्हाही लागत नव्हती, आजही लागत नाही. २०२१ साली त्या कायद्यात सुधारणा झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही विशिष्ट परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांचं. माझा नवरा बरोबरच होता, तो म्हणाला, "सही करतो, पण आधी मला कायदा दाखवा." त्यांना दाखवता आला नाही. माझा निर्णय बाळाला आजार होईल या भीतीने झाला, असं लोक समजतात. मला तेव्हा माझं बीपी, माझी नोकरी, आठ वर्षांची मुलगी आणि पुढे येणारं माझं दुखणं दिसत होतं. बाईच्या एका निर्णयाला एकच कारण असतं असं मानणाऱ्यांना बाईचा दिवस कसा जातो ते ठाऊक नसतं.

त्यानंतर नवऱ्याने नसबंदी करून घेतली, बिनटाक्याची. दुपारी केली, संध्याकाळी चालत घरी आला. गल्लीत बातमी पसरली ती मात्र अशी, की 'बाईने पुरुषाला कापून ठेवलं'. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ मध्ये झाली. तिच्यात विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्क्यांत बाईची नसबंदी झालेली आढळली आणि ०.३ टक्क्यांत पुरुषाची. र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याला जवळजवळ शंभर वर्षं झाल्यावरचा हा हिशेब आहे. ज्या घरात बाईच्या किडन्या आधीच आजारी आहेत, तिथेही ऑपरेशनच्या टेबलावर तिनेच झोपायचं?

आता माझ्या चुलत बहिणीचं सांगते, तिच्या परवानगीने. तिलाही हाच आजार आहे. तिला निदान माहीत होतं, शक्यता माहीत होती, आणि तिने दोन मुलं होऊ दिली. मी तिला एकदा विचारलं, तुला भीती नाही वाटली? ती म्हणाली, "ताई, माझे बाबा अठ्ठावन्न वर्षं जगले. त्यांनी विहीर खणली, तीन भावंडांची लग्नं केली, मला सायकल शिकवली. ते जन्माला यायला नको होते असं मी म्हणू का? आणि मी? मी नको होते का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तिच्या बाळंतपणांत किडनीचं काम चांगलं होतं आणि बीपी ताब्यात होतं, म्हणून दोन्ही सुखरूप पार पडली. ज्यांचं बीपी ताब्यात आणि किडनी चांगली, त्या बहुतेक बायकांची बाळंतपणं ठीक होतात, फक्त देखरेख जास्त लागते. किडनीचं काम बरंच कमी झालेलं असेल तर आईला आणि बाळाला दोघांनाही धोका वाढतो. म्हणून मूल हवं असेल तर ते केव्हा हवं, याचा विचार आमच्यासारख्या बायकांनी जरा लवकर करायला हवा. त्यासाठी आधी आजार माहीत हवा. आणि मुलीची तपासणी 'लग्न झाल्यावर बघू' म्हणून लांबवली जाते, तर मुलाची पुढच्याच आठवड्यात होते.

मी थांबले, ती थांबली नाही. दोघींनीही समजून उमजून ठरवलं.

आता मी एका अवघड जागी येते. आपल्या चळवळीने गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध लढा दिला. त्यातून महाराष्ट्रात १९८८ साली देशातला पहिला कायदा झाला, मग १९९४ साली केंद्राचा झाला, २००३ साली तो आणखी कडक झाला. गर्भजल परीक्षा हा शब्द ऐकला की आपल्या अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. पण हाच कायदा आनुवंशिक आजारांच्या तपासणीला ठरावीक अटींवर वाट ठेवतो. घरातला नेमका बिघाड माहीत असेल तर गर्भाची तपासणी करता येते. प्रयोगशाळेत गर्भ तयार करून, त्यातला बिघाड नसलेला निवडून गर्भाशयात ठेवण्याचीही सोय आता आहे. २०२१ च्या प्रजनन तंत्रज्ञानाच्या कायद्यात ती आनुवंशिक आजारांसाठी मान्य आहे. खर्च लाखांच्या घरात जातो, इंजेक्शनांचा त्रास बाईलाच, आणि मूल राहीलच याची खात्री नाही.

मी याच्या बाजूची की विरुद्ध? मला विचाराल तर, ज्या बाईला ही वाट हवी आहे तिच्या आड मी येणार नाही. माझ्या भाचीने विचारलं तर तिला माहिती देईन. पण कुणी 'आजार आहे ना, मग तपासणी करायलाच हवी' असं म्हणू लागलं, तर मी तिच्या बाजूने उभी राहीन. हा रोग चाळीस-पन्नास वर्षं माणसाला काम करू देतो, प्रेम करू देतो, भांडू देतो. असं आयुष्य जगण्यालायक आहे की नाही, हे सासरच्यांनी किंवा दवाखान्याने ठरवायचं नाही. आणि एक पक्कं लक्षात ठेवा. हा आजार मुलगा-मुलगी बघत नाही. त्यामुळे 'आजार टाळायला मुलगाच निवडा' असं कुणी सुचवलं तर तो खोटं बोलतोय आणि कायदाही मोडतोय. त्याची तक्रार करा.

ज्यांना मूल दत्तक घ्यायचंय त्यांनाही अडथळा आहे. दत्तक घेणाऱ्याला जीवघेणा आजार नसावा अशी नियमांत अट आहे आणि डॉक्टरचा दाखला लागतो. किडनी चांगलं काम करत असतानाचा दाखला आणि डायलिसिस सुरू झाल्यावरचा दाखला यांत फरक पडणारच. तेव्हा इथेही वेळेचाच प्रश्न येतो.

माझी मुलगी आता पंचवीस वर्षांच्या पुढे गेली आहे. तिने तपासणी केलेली नाही. मी तिला सगळं सांगितलंय, वंशावळीचा कागदही दाखवलाय. ती म्हणते, "मला अजून जाणून घ्यायचं नाही, आई. बीपी मोजत राहीन." ती दर तीन महिन्यांनी मोजते. मला रात्री झोप येत नाही, पण जाणून न घेण्याचा हक्कही तिचाच आहे. लग्नाचं म्हणाल तर आमचं ठरलंय: ज्याच्याबरोबर राहायचं त्याला आधी सांगायचं, बाकी गावाला सांगायची गरज नाही. हाच नियम मुलांनाही लावा. आजार लपवून मुलाचं लग्न करायचं, आणि मग सुनेने डबे घेऊन दवाखान्याच्या फेऱ्या मारायच्या, हे किती घरांत चाललंय!

माझ्या किडन्या आता वीस-बावीस टक्के काम करतात. येत्या काही वर्षांत डायलिसिस लागेल. म्हणजे आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार-चार तास. राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस आहे. किडनी प्रत्यारोपणासाठीची रक्कम २०२३ साली अडीच लाखांवरून साडेचार लाख केली गेली. कागदपत्रं आधीपासून तयार ठेवा. मला किडनी कोण देईल, हा प्रश्न घरात निघाला तेव्हा नवरा म्हणाला, "माझी तपासून बघा." मुलगीही पुढे आली. तिला मी नाही म्हटलं, आणि त्यावर चर्चा होणार नाही असंही सांगितलं.

आता गटाने काय करावं, ते सांगून थांबते.

प्रत्येक बैठकीत बीपीचं यंत्र ठेवा. तिशीच्या आतली, बीपी वाढलेली बाई दिसली तर तिच्या आईवडिलांचं, काका-आत्या, मामा-मावशींचं विचारा. कुणाला किडनीचा त्रास होता, कोण लवकर गेलं, कोण मेंदूतला रक्तस्राव होऊन अचानक गेलं. या आजारात काही जणांच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा येतो, आणि घरात तसं आधी घडलं असेल तर डॉक्टरला सांगायलाच हवं. संशय आला तर सोनोग्राफी करा. मीठ कमी करा. पापड, लोणचं, खारवलेल्या मिरच्या ताटातून हलवा. पाणी किती प्यायचं ते डॉक्टरला विचारून ठरवा, कारण ते किडनीच्या कामाप्रमाणे बदलतं. कंबर दुखली की दुकानातून ब्रूफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणून खाऊ नका, त्या किडनीला मारतात. भस्मं खात असाल तर थांबा, काहींमध्ये पारा आणि शिसं असतं. पाळणा लांबवायची गोळी देण्याआधी बीपी मोजलं का, हे आपल्या भागातल्या दवाखान्याला विचारा. दाता म्हणून जाणाऱ्या बाईला एकटी पाठवू नका. आणि एखाद्या घरात हा आजार निघाला तर वंशावळीचा कागद काढून द्या. मोठ्या अक्षरांत, घरातल्या सगळ्यांना वाचता येईल असा.

आजार कुणाकडून आला ते त्या कागदावर दिसेल. त्याचं ओझं कुणी किती उचलायचं ते कागदावर नसतं. ते घरात बसून, सगळ्यांसमोर, बायकांना बोलू देऊन ठरवावं लागेल.

आता प्रश्न विचारा.